'परवडत नसेल तर' असे लिहिणाऱ्या वाचकांस

मागच्या महिन्यात मी 'अडीच हजारांच्या आतली स्कॉच' हा लेख लिहिला. त्यावर मूळच्या सोलापूरच्या आणि आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती लहान आहे, म्हणून आधी पूर्ण देतो : "मालक, परवडत नसेल तर माणसाने स्कॉचच्या नादी लागू नये. भारतात भरलेली बाटली म्हणजे स्कॉच नव्हेच, ते नुसते लेबल. वयाबद्दल तुम्ही लिहिलेले चूक आहे. किमती जुन्या आहेत आणि बनावट मालाबद्दल एक ओळही नाही. आम्ही तर ड्युटी फ्रीशिवाय बाटली घेत नाही."

उत्तर द्यावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. टीका मला नवी नाही. लेखात खोट असेल तर ती दाखवणाऱ्याचे मी आजवर आभारच मानले आहेत. पण आपल्या पहिल्या वाक्यात टीका नाही, हिणवणे आहे. सोलापुरात आपण दुकानदाराला, वडीलधाऱ्याला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा 'मालक' म्हणतो आणि त्या शब्दात आपुलकी असते. आपण तो शब्द घेतला आणि त्याच्या पुढ्यात 'परवडत नसेल तर' ठेवले. आपण याच मातीतले आहात, तेव्हा त्या दोन शब्दांना शेजारी बसवल्यावर काय अर्थ होतो, हे आपल्याला कळले नसेल असे मी मानत नाही.

परवडण्याचे म्हणाल, तर मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ३१ वर्षे हिशेब लिहिले. दिवाळीच्या बोनसमधून घरातले कपडे, मुलांच्या फिया, फराळाचे सामान असे सगळे बाजूला काढल्यावर जे उरे, त्यातले थोडे पैसे एका पत्र्याच्या डब्यात जात. आम्ही चौघे मित्र होतो : मी, आमच्या डाईंग खात्यातले अण्णा, एक शिक्षक आणि एक एसटीतले वाहक. चौघांच्या वर्गणीतून वर्षाला दोन बाटल्या येत, एक संक्रांतीच्या सुमारास आणि एक पावसाळ्यात. ज्याच्या कपाटात दहा बाटल्या आहेत, त्याची एक वाईट निघाली तर तो ती मागे सरकवून दुसरी काढतो. आमची वाईट निघाली तर पुढचे सहा महिने तीच असे. म्हणून दुकानाच्या काउंटरवर उभे राहून लेबलावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आम्हाला लागली, आणि ती सवयच या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार आहे, असे मी समजतो. कमी पैशात निवड करणाऱ्याला अधिक नीट पाहावे लागते. आपण त्यालाच दाराबाहेर उभे करता आहात.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. वयाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. लेबलावर छापलेले '१२ वर्षे' म्हणजे मिश्रणातील व्हिस्कीचे सरासरी वय, असे माझ्या हातून लिहिले गेले. ते सरासरी वय नसून सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय असते, म्हणजे त्या बाटलीत बारा वर्षांपेक्षा कमी मुरलेला एक थेंबही असता कामा नये. चूक एका शब्दाची होती, ती दुरुस्त केली. परंतु त्यावरून वय न छापलेली बाटली कच्ची असते, असे कोणी समजू नये. ती स्कॉच असेल तर किमान ३ वर्षांची असतेच. तसेच गडद रंग हा वयाचा पुरावा नव्हे, कारण रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्याची मुभा स्कॉचच्या नियमांतच आहे.

आता आपल्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण ते वाचून माझ्यासारखा एखादा वाचक उगाच खजील होईल. 'भारतात भरलेली बाटली म्हणजे स्कॉच नव्हेच.' हे आपण कशाच्या आधारावर लिहिले? स्कॉच कशाला म्हणायचे, हे आपण ठरवत नाही आणि मीही ठरवत नाही. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनी ते ठरवले आहे. स्पिरिट, म्हणजे गाळून काढलेले कच्चे मद्य, धान्यापासून स्कॉटलंडमध्येच गाळलेले असले पाहिजे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षे मुरले पाहिजे, पाणी आणि कॅरॅमल यांखेरीज त्यात काही मिसळता कामा नये आणि बाटलीत त्याची तीव्रता ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. बाटली कुठे भरायची, याचे बंधन सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्टपासून (मोड आणलेल्या बार्लीपासून) केलेल्या व्हिस्कीवर आहे. २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. ब्लेंडेड स्कॉचवर, म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांची (ग्रेन) व्हिस्की यांच्या मिश्रणावर, ते बंधन नाही, म्हणूनच टीचर्स हायलँड क्रीम, १०० पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक अँड व्हाइट या व्हिस्की मोठ्या टाक्यांतून भारतात येतात आणि येथे क्षार काढलेले पाणी घालून, बहुधा ४२.८ टक्क्यांवर आणून बाटलीत भरल्या जातात. मुरण्याचे काम लाकडात होते. काचेत गेल्यावर व्हिस्की मुरत नाही, मग ती काच स्कॉटलंडमधली असो वा भारतातली.

मी टॉवेलच्या धंद्यात हयात काढलेला माणूस आहे, तेव्हा त्यातलेच सांगतो. आमच्या कारखान्यातून टॉवेलच्या गाठी मुंबईला जात आणि तेथे परदेशी ग्राहकाच्या पसंतीच्या खोक्यांत भरून बोटीवर चढत. खोके मुंबईत भरले, म्हणून तो टॉवेल सोलापुरी राहिला नाही काय? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना जे भौगोलिक मानांकन आहे, तेच भारतात स्कॉच व्हिस्कीलाही आहे. सूत कुठे ताणले आणि माग कुठे चालला, यावर मालाची ओळख ठरते, खोक्यावर ठरत नाही. ही गोष्ट मला सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

भारतात भरलेली बाटली स्वस्त का पडते, याचेही कारण साधे आहे. आयात मद्यावर केंद्राचे शुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के होते, आणि ते मालाच्या किमतीवर लागते. तयार बाटली आणली की काच, बूच, खोके आणि वाहतूक या सगळ्यांची किंमत त्यात धरली जाते आणि तिच्यावरही तेवढेच शुल्क चढते. टाकीतून आणलेल्या मालावर तो बोजा नसतो. म्हणजे ग्राहकाचा पैसा वाचतो तो काचेवरच्या शुल्कातला. २०२५ च्या जुलैत भारत आणि ब्रिटन यांच्यात जो करार झाला, त्यात हे शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे.

लेबलाने फसगत होण्याची खरी जागा वेगळी आहे आणि तिच्याबद्दल आपल्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत हे आपण जाणता. साखर निघाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून अल्कोहोल होते, आणि भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मालाचा पाया तेच अल्कोहोल असते. त्यात थोडी स्कॉच माल्ट मिसळली की लेबलावर 'स्कॉच' हा शब्द एखाद्या वाक्यात बसवता येतो. ती बाटली वाईट असेलच असे नाही, पण ती स्कॉच नव्हे. खरी असेल तिच्यावर 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' असे सलग, स्वतंत्र शब्द असतात, त्यांच्या आगेमागे 'हिच्यात स्कॉच मिसळली आहे' अशा अर्थाची शेपटी नसते. मी माझ्या लेखात या एका मुद्द्यावर तीन परिच्छेद खर्च केले होते. ते आपण वाचले असते, तर 'नुसते लेबल' हे शब्द आपण लिहिले नसते.

ब्लेंडेड म्हणजे हलकी, हा आपल्या 'नुसते लेबल'मागचा सूरही नवा नाही. तो वाद लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी लढून झाला आहे. १९०५ साली तेथील इस्लिंग्टन भागाच्या नगरपरिषदेने, ग्रेन स्पिरिट घातलेली दारू व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल विक्रेत्यांवर खटले भरले. प्रकरण इतके पेटले की १९०८ मध्ये शाही आयोग नेमावा लागला, आणि १९०९ मध्ये त्या आयोगाने माल्ट, ग्रेन आणि दोहोंचे मिश्रण ही सर्व व्हिस्कीच होय, असा निर्वाळा दिला. टीचर्सचेच उदाहरण घ्या. टीचर घराण्याने आपल्या मिश्रणासाठी १८९८ मध्ये आर्डमोर ही डिस्टिलरी उभारली, तेथे पीटचा (दलदलीतल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या मातीचा) धूर दिलेली बार्ली वापरतात आणि तो धूर आजही त्या स्वस्त म्हणवल्या जाणाऱ्या बाटलीत नाकाला जाणवतो. याला नुसते लेबल म्हणायचे असेल, तर आपल्या नाकाबद्दल मी काही बोलत नाही.

आपण पुरावा मागितलेला नाही, तरीही देतो. २०१९ च्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा सरल्यावरच्या रविवारी, माझ्या भाच्याने दुबईच्या विमानतळावरून आणलेली एक बाटली आणि त्याच नावाची, सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेली, भारतात भरलेली एक बाटली आम्ही गच्चीवर समोरासमोर ठेवली. सौभाग्यवतींनी स्टीलच्या आठ फुलपात्रांच्या तळाला कागदाचे तुकडे चिकटवले आणि खाली स्वयंपाकघरात ओतून ती वर पाठवली. कोणत्या फुलपात्रात काय आहे हे आम्हा चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या फेरीला शिक्षकांनी चुकून बोअरचे पाणी घातले आणि त्या क्षारांनी दोन्हींची चव सारखीच मारली, म्हणून जारचे पाणी आणून पुन्हा सुरुवात केली. अण्णांनी आणि वाहकांनी नवी पेठेतली बाटली दुबईची म्हणून ओळखली. शिक्षक म्हणाले, दोन्ही एकच आहेत. मला फरक कळला, पण तो चवीचा नव्हता. विमानतळावरची ४० टक्के होती आणि नवी पेठेतली ४२.८, त्यामुळे नवी पेठेतली घशाशी किंचित अधिक चढत होती. दोन चमचे पाणी वाढवल्यावर तोही फरक गेला. खारे दाणे चघळत आम्ही तासभर पुन्हा पुन्हा वास घेतला, आणि ज्या विमानतळाच्या बाटलीचा आपण एवढा बडेजाव करता, तिच्याबद्दलचा माझा न्यूनगंड त्या संध्याकाळी संपला.

मी लेखात जे सुचवले होते, ते म्हणूनच मागे घेत नाही. धुराचा वास आवडत असेल आणि सोडा घालून घ्यायची असेल तर टीचर्स, पहिल्यांदाच घेत असाल आणि सौम्य हवी असेल तर १०० पायपर्स किंवा ब्लॅक अँड व्हाइट. बारा वर्षांच्या छापाच्या मोहाने बजेट ताणून, घरखर्चाला हात लावून घेतलेल्या बाटलीपेक्षा ही निवड मला शतपटीने शहाणपणाची वाटते.

किमती जुन्या आहेत, हा आक्षेप कोणत्याही किमतीवर कधीही घेता येतो. २०२१ च्या नोव्हेंबरात राज्याने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले, तेव्हाही त्या बाटल्यांचे भाव बदलले होते. मी काही दरपत्रक छापत नाही. बनावट मालाबद्दल म्हणाल, तर परवाना असलेल्या दुकानातून बिल घेऊन बाटली घ्यावी, सील हाताने तपासावे आणि ओळखीचा कोणी 'आतून आलेली' म्हणून स्वस्तात देत असेल तर त्याला नको म्हणावे. यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही, आणि पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या, परवाना काढून पिणाऱ्या माझ्या वाचकांना एवढे कळते, असे मी गृहीत धरले होते.

ड्युटी फ्रीचे आपले शेवटचे वाक्य मला सर्वांत अनाठायी वाटले. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटर मद्य आणता येते, ही सवलत चांगली आहे आणि आपण तिचा लाभ घेता याचा मला आनंद आहे. पण माझे वाचक होटगी रोडवरून, अशोक चौकातून, जुळे सोलापूरातून लिहितात. त्यातल्या बहुतेकांकडे पासपोर्ट नाही. त्यांनी महिनाभर बाजूला काढलेल्या पैशात काय घ्यावे, हा माझ्या लेखाचा विषय होता, आणि आपण विमानात बसून काय घेता, हा नव्हता.

लेखातील 'सरासरी वय' हे शब्द काढून तेथे 'सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय' असे घातले आहे. बाकीचा लेख आहे तसा राहील, आणि आपली प्रतिक्रियाही, तिच्यातल्या पहिल्या वाक्यासह, तेथेच राहील.