‘वरचं जंगल सोडा, प्लांट बसवा’ : हे गणित चुकलेलं आहे

छोट्या शहरांच्या पाणीपुरवठ्याबद्दल एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी वाहत आपल्या नदीत येतं ती वरची जमीन, जपायला पैसे घालणं ही चैन आहे, कारण चांगलं शुद्धीकरण केंद्र कसलंही पाणी स्वच्छ करतं. वरची जमीन आपली नाहीच, तिथे आपण करणार काय? आणि पैसा अनुदानातून येतो, तेव्हा पाणीपट्टी वाढवणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. मी काही वर्षं शुद्धीकरण केंद्रावर काढली आहेत, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

‘केंद्र कसलंही पाणी स्वच्छ करतं.’ तुरटीचा डोस कसा ठरतो ते आधी सांगतो. सहा काचपात्रांत कच्चं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची आणि मंद ढवळायचं. योग्य डोसच्या पात्रात कापसासारखे पुंजके धरतात आणि सावकाश तळाशी बसतात. नदी शांत असते तेव्हा हे काम सोपं असतं. वरचा उतार उघडा पडला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तांबूस, दाट येतं. कालचा डोस आज निरुपयोगी ठरतो. तुरटी वाढवावी तर पाण्याचा सामू (pH) उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, मग चुना घालावा लागतो. गाळ वाढतो, फिल्टर लवकर तुंबतात आणि ते धुवायला आपण शुद्ध केलेलंच पाणी वापरतो. म्हणजे नेमका जास्त खर्च होतो त्या दिवशी शहराला पाणी कमी मिळतं. पाण्यात कुजलेला पालापाचोळा विरघळलेला असेल तर त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूला तर नेहमीच्या डोसचं क्लोरीन मारतच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत फिल्टर चालू असतानाही तो नळांपर्यंत पोचला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले.

मिलवॉकी मोठं शहर. कॅनडातलं वॉकर्टन जेमतेम ५ हजार वस्तीचं. मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेजारच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू शहराच्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन घातलं जात होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि रोजची मोजणी धड होत नव्हती. ७ माणसं गेली, २,३०० हून अधिक आजारी पडली. त्या शेतकऱ्याने काही चुकीचं केलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. आणखी एक चूक होती ती पाण्याच्या उगमाभोवतीची जमीन कोणाच्याच यादीत नसण्यात. चौकशी आयोगाने एका अडथळ्यावर विसंबू नका, एकामागे एक अनेक अडथळे ठेवा असं सांगितलं, आणि त्यातला पहिला होता उगमाचं रक्षण.

उलट टोकही तितकंच धोक्याचं. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये ‘आमचं भूजल शुद्धच’ म्हणून पाण्यावर प्रक्रियाच होत नव्हती. मेंढ्यांच्या विष्ठेतले जंतू बोअरमध्ये गेले आणि हजारो लोक आजारी पडले. तेव्हा प्लांट हवाच. फक्त तो एकटा पुरत नाही.

‘जमीन आपली नाही.’ न्यूयॉर्कचीही नव्हती. कॅट्सकिल डोंगरातून येणारं पाणी गाळायला प्रकल्प बांधायचा तर अब्जावधी डॉलर लागणार होते. त्याऐवजी १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. शेणखताची साठवण, ओढ्याकाठची कुंपणं, घरांच्या नादुरुस्त सेप्टिक टाक्या यांचा खर्च शहराने उचलला आणि विकायला तयार असलेल्यांकडूनच जमीन घेतली. यावर लोक म्हणतात, ते श्रीमंत महानगर. मला उलटं वाटतं. प्लांटचा स्थिर खर्च मोठ्या शहरात लाखो नळांवर वाटला जातो, छोट्या शहरात काही हजारांवर. मग वरच्या शेतकऱ्याशी बोलून जे काम स्वस्तात होतं, त्याची गरज कुणाला जास्त? इक्वेडोरच्या किटो शहराने २००० साली वरच्या पाणलोटाच्या कामांसाठी वेगळा जलनिधी जेमतेम २१ हजार डॉलरवर सुरू केला. पुढे पाणीपुरवठा संस्थेच्या उत्पन्नाचे २ टक्के त्यात नेमाने जाऊ लागले.

‘अनुदान आहे की.’ अनुदान टाकी बांधून देतं, वीजबिल भरत नाही. पंपाचं बेअरिंग गेलं की उद्घाटनाच्या पाटीवरचं कोणी येत नाही. जलवाहिन्यांचं साधं गणित करा: वर्षाला १ टक्का बदलत गेलं तर सगळं जाळं बदलायला १०० वर्षं. बहुतेक ठिकाणी तेवढीही बदलली जात नाही. पुरवठा बंद असताना नळात दाब राहत नाही. नेमका सांधा गटाराजवळ गळत असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. देखभाल थांबली की आपण केंद्रात केलेलं शुद्धीकरण रस्त्याखाली वाया जातं.

राहिला गरिबाचा मुद्दा, आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. पण सगळ्यांना एकच स्वस्त दर लावला की सर्वांत मोठी सवलत बागेला पाणी घालणाऱ्याला आणि गाड्या धुणाऱ्याला मिळते. व्यवस्था कोसळली की टँकर विकत घ्यावा लागतो तो साठवायला टाकी नसलेल्याला. पिण्या-स्वयंपाकापुरतं पाणी अगदी स्वस्त ठेवा, पुढच्या वापराचा दर चढवत न्या. एका मीटरवर चार कुटुंबं असतील तर ती माणसं मोजून हिशोब करा, नाहीतर हाच चढता दर त्यांच्यावर उलटतो.

तो मेसेज पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला आपल्या शहराचं अंदाजपत्रक उघडायला सांगा. पाणीपुरवठ्याच्या पानावर दोन ओळी शोधायच्या: एक पाणलोटाच्या कामाची, दुसरी जुन्या वाहिन्या बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवायच्या पैशाची, म्हणजे घसारा निधीची. दोन्हींपुढे शून्य असेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न तोच विचारा.