लॅशमचे पिगॉट मास्तर

ब्रिटिश वैमानिक डेरेक पिगॉट 6 जानेवारी 2019 ला गेले. वय 96. त्यांच्याबद्दल आजवर जे जे वाचलं, त्यात पहिला मान सिनेमातल्या कसरतींचा. 1960 च्या दशकात पहिल्या महायुद्धावरच्या एका चित्रपटासाठी आयर्लंडमध्ये त्यांनी एकावर एक तीन पंख असलेलं फोकर विमान पुलाच्या खांबांमधून पार काढलं, आणि कॅमेऱ्यात नीट यावं म्हणून पुन्हा पुन्हा काढलं. त्याला जिगर लागते, हे मान्यच. तरी या माणसाची ओळख त्या पुलापाशीच अडकवून ठेवणं मला मनापासून खटकतं. पिगॉट मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उडवायला शिकवलं आणि त्यांच्या शिकवण्यामुळे किती घरांतली माणसं संध्याकाळी सुखरूप परतली असतील, याचा हिशेब कुणीच मांडू शकणार नाही.

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात लॅशम नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे हवाई दलाची धावपट्टी झाली आणि युद्धानंतर ती ग्लायडिंगवाल्यांच्या हाती आली. आज तिथला क्लब जगातल्या मोठ्या ग्लायडिंग क्लबांपैकी एक आहे. पिगॉट 1953 मध्ये तिथे मुख्य इन्स्ट्रक्टर म्हणून आले आणि मधला थोडा काळ सोडला तर 1989 पर्यंत त्यांनी ते काम केलं. इतकी वर्षं विद्यार्थ्याच्या मागच्या सीटवर बसायचं. पुढचा चुकत असतो, विमान डळमळत असतं, आणि आपण हात आवरून धरायचा, कारण आपणच सावरलं तर तो शिकणार कधी? ज्यांनी कधी कुणाला गाडी शिकवली आहे त्यांना यातलं थोडंफार कळेल. इथे तर ब्रेक दाबून थांबायचीही सोय नाही.

त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम.

ग्लायडर शिकताना प्रत्येकाला स्टॉल शिकवतात. नाक वर धरत राहिलं की वेग कमी होत जातो, एका क्षणी पंख भार पेलेनासे होतात, नाक खाली पडतं, आणि जत्रेतल्या उंच पाळण्यात बसल्यासारखा पोटात गोळा येतो. उपाय सोपा: स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे, वेग येऊ द्या, मग हळूच सरळ व्हा. चार-सहा वेळा केलं की हात आपोआप चालतो.

पिगॉट यांच्या लक्षात आलं की खरी भीती या ‘आपोआप’मध्येच आहे. विद्यार्थ्याच्या मनात पोटातल्या गोळ्याची आणि स्टॉलची गाठ बसते. पण तसा गोळा येण्यासाठी स्टॉलच व्हावा लागतो असं नाही. भरपूर वेग असताना स्टिक पटकन पुढे ढकलली तरी अंग हलकं होतं, सीटवरून उचलल्यासारखं वाटतं. आता विचार करा. विंचने, म्हणजे जमिनीवरून केबल गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ग्लायडर उभ्या चढणीत ओढला जातोय आणि मध्येच केबल तुटली. नाक लगेच खाली आणायचं असतं, ते नवशिक्या आणतो. अंग हलकं होतं. मन ओरडतं, ‘स्टॉल!’ हात शिकल्याप्रमाणे स्टिक आणखी पुढे ढकलतो. अंग आणखी हलकं होतं, भीती वाढते, हात आणखी पुढे जातो. विमानात काहीही बिघाड नसतो, वेगही वाढत असतो, आणि ते सरळ जमिनीकडे निघालेलं असतं. काही माणसांना ही हलकेपणाची जाणीव फार तीव्र होते, त्यांना काही सुचेनासंच होतं, आणि उलगडा न झालेल्या काही अपघातांमागे हेच असावं, असं पिगॉट यांचं म्हणणं होतं. त्यावर त्यांनी अभ्यास केला, लिहिलं, आणि इन्स्ट्रक्टर मंडळींच्या मागे लागून ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

यावरची त्यांची तोड त्यांच्यातल्या मास्तराला शोभणारी होती. आधी खरा स्टॉल दाखवा: स्टिक मागे ओढलेली आहे, तरी नाक वर येत नाही. मग चांगल्या वेगात थोडं वर चढून स्टिक पुढे ढकला. गोळा तोच, घाबरणं तेच. आता स्टिक किंचित मागे घ्या, नाक मुकाट्याने वर येतं! म्हणजे हा स्टॉल नव्हता. पोटावर विश्वास ठेवू नका, वेग बघा आणि स्टिक काय सांगते ते ऐका. आज ब्रिटनमध्ये हा सराव ग्लायडिंग शिकण्याचा नेहमीचा भाग आहे.

मी शिकले हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये. तिथे माझ्या इन्स्ट्रक्टर सरांनी हा प्रकार करून दाखवला, तेव्हा विमान तिरकं जातंय का ते दाखवणारा, समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा पहिल्यासारखाच सरळ होता, वाऱ्याचा आवाज चांगला भरलेला होता, फक्त पट्ट्यांमध्ये माझे खांदे वर उचलले गेले होते. सर मागून एवढंच म्हणाले, ‘काटा बघ.’ वेग नव्वदच्या पुढे होता. पुढे केबल तुटण्याचा सराव करताना सरांनी न सांगता केबल सोडायचा पिवळा नॉब ओढला, तेव्हा माझा हात जिथे थांबायला हवा तिथे थांबला. पिगॉट यांना मी कधी भेटले नाही. तरी त्या दिवशी ते माझ्या उपयोगी पडले, असंच मी मानते.

बाकी कर्तृत्व काय थोडं आहे? 9 नोव्हेंबर 1961 ला लॅशमच्याच धावपट्टीवर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेलं पायडल मारून चालवायचं विमान पिगॉट यांनी जमिनीवरून उचललं. पहिलं उड्डाण 64 मीटरचं. फक्त माणसाच्या ताकदीवर विमान जमीन सोडतं, हे तेव्हा पहिल्यांदा रीतसर नोंदलं गेलं. ते विमान साउदॅम्प्टनच्या संग्रहालयात आहे. जॉर्ज केली यांनी 1853 मध्ये यॉर्कशायरच्या दरीत आपल्या ग्लायडरमधून एका माणसाला उडवलं होतं. त्या ग्लायडरची प्रतिकृती 1973 मध्ये त्याच जागी उडवून दाखवली तीही पिगॉट यांनीच. 180 हून अधिक प्रकारची ग्लायडर आणि 150 हून अधिक प्रकारची इंजिनाची विमानं त्यांनी चालवली. ऐंशीच्या पुढेही ते उडत होते.

तरीही मी शिकवण्यालाच वर ठेवेन, कारण ग्लायडिंग हा एकट्याचा खेळ नाहीच. एक जण उडतो तेव्हा कुणीतरी पंखाचं टोक धरून धावतं, कुणी विंच चालवतं, कुणी केबल ओढून आणतं, कुणी वहीत वेळ टिपतं. क्लब जिवंत राहतो तो दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्या या माणसांवर, आणि दर आठवड्याला नव्या मुलाला पहिल्यापासून तेच तेच समजावणाऱ्या इन्स्ट्रक्टरवर. अशा माणसाला निरोप देताना आपण विक्रमांची यादी वाचतो. त्याने कुणाकुणाला सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, सोडलं, याची यादी का वाचत नाही?

पिगॉट यांनी नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांच्या जुन्या प्रती पुण्या-मुंबईत कुणाच्या कपाटात पडून असतील तर मला जरूर कळवा. हडपसरला शिकणाऱ्या दोन-तीन मुलींना हव्या आहेत. वाचून झाल्या की परत आणून देण्याची जबाबदारी माझी.