रानमोहरी म्हणून कुंडीत नेमकं काय लावताय?

पंधरा दिवसांत हा मजकूर मला चारदा आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, बागवाल्यांच्या ग्रुपवर दोनदा आला आणि शेवटी आत्याकडून, "तू झाडंबिडं लावतेस ना, बघ गं जरा" या शेऱ्यासकट. मजकूर थोडक्यात असा: रस्त्याकडेची पिवळ्या फुलांची झाडं म्हणजे आपली विसरलेली रानमोहरी. बिया आणा, कुंडीत टाका. रानटी असल्यामुळे खत नको, ऊन नको, कीड लागत नाही. वर्षात कधीही लावा. एका कुंडीत घरची वर्षाची मोहरी निघते. विकतची मोहरी हायब्रीड, तिच्यात दम नाही. पानांचा रस कानात घातला की कानदुखी बंद. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. खाली जोडलेले हात आणि वर पिवळ्या फुलांचा एक ठसठशीत फोटो.

आधी तो फोटोच घेऊ, कारण खरी भीती तिथेच आहे. पानं निळसर हिरवी, शिरांवर पांढरट पट्टे, कडांना काटे. फूल पातळ रेशमी कापडासारखं, पाकळ्या चारांपेक्षा जास्त. हा पिवळा धोत्रा. कुणी काटेधोत्रा म्हणतात, कुणी बिलायत. मूळचा मेक्सिकोकडचा, त्यामुळे "आपली विसरलेली" हेही खोटंच. देठ मोडला की पिवळाधमक चीक येतो. बोंडं काटेरी असतात आणि वाळली की टोकाशी उकलून त्यातून काळपट, गोल, मोहरीएवढ्या बिया सांडतात. तळहातावर घेतल्या तर पहिल्या नजरेत कुणीही फसेल. भिंगाखाली मात्र बीवर जाळीसारखी ठळक नक्षी दिसते, ती आपल्या मोहरीवर इतकी उठून दिसत नाही.

या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली होती. हजारो लोक आजारी पडले आणि सुमारे साठ जण दगावले. पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, डोळ्यांतला दाब वाढतो. कलकत्त्यात या रोगाची नोंद १८७७ सालीच झाली होती, म्हणजे हे नव्याने कळलेलं नाही. "फोडणीत बी तडतडली की विष जळून जातं" असं एकाने मला ग्रुपवर ऐकवलं. दिल्लीतल्या त्या लोकांनी तेल कच्चं प्यायलं नव्हतं. भाजी-पराठे करूनच खाल्लं होतं.

म्हणून पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर साधं आहे: रस्त्याकडेचं पिवळं फूल ही ओळख नव्हे. आपल्याकडे "रानमोहरी" या एका नावाखाली किमान दोन वेगळी झाडं फिरतात, आणि त्यातलं एकही मोहरी नाही. एक हा धोत्रा. दुसरी पिवळी तिळवण, जी पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर, रेल्वे रुळांच्या कडेला, गच्चीच्या कठड्याच्या भेगेतसुद्धा येते. तिळवणीला हात लावला की बोटं चिकटतात, कारण अंगभर चिकट लव असते, आणि वास उग्र येतो. पान एका देठावर तीन ते पाच पर्णिकांचं, पंजासारखं. शेंगा लांब, बारीक, आभाळाकडे तोंड करून उभ्या. बी मोहरीपेक्षा लहान, गडद, आडव्या रेघांचं. तिळवण विषारी नाही. गढवाल-कुमाऊँकडे तिच्याच बियांना जखिया म्हणतात आणि बटाट्याच्या भाजीला तिची फोडणी देतात. दाताखाली कुरकुरीत लागते, मला स्वतःला आवडते. पण ती मोहरी नव्हे. फार तर मोहरीच्या कुळाची शेजारीण.

ओळख पटवायची तर मी फूल उघडायला सांगते. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या, अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या. आत पुंकेसर सहा: चार उंच, दोन बुटके. हे गणित मोहरीपासून मुळा-कोबीपर्यंत सगळीकडे चालतं. तिळवणीलाही पाकळ्या चारच, पण त्या एका बाजूला झुकल्यासारख्या, आणि पुंकेसर सहाहून पुष्कळ जास्त. धोत्र्याचे तर मोजायला बसलात तर चहा थंड होईल. शेंग मिळाली तर तीही सोला: मोहरीच्या शेंगेत मधोमध कागदासारखा पातळ पडदा असतो आणि बिया त्याच्या दोन्ही बाजूंना. तिळवणीच्या शेंगेत तो पडदा नसतो.

थोडक्यात, या मजकुराने फोटो धोत्र्याचा लावला, चिवटपणा तिळवणीचा सांगितला आणि उपयोग मोहरीचे दिले. पुढचे सगळे घोटाळे या भेळेतूनच झालेत.

"वर्षात कधीही लावा." तिळवण पावसात आपोआप येते, तिला कुणी लावतही नाही. मोहरी मात्र थंडीचं पीक. आपल्याकडे ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरला की पेरायची, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे, फार तर नोव्हेंबर संपेपर्यंत. मी एकदा हौसेने जुलैत पेरली होती. तिसऱ्या दिवशी सगळी कुंडी हिरवीगार, आणि दहाव्या दिवशी सततच्या ओलीने रोपं बुडाशी सडून आडवी. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. मार्चमध्ये पेरलीत तर वेगळीच तऱ्हा: दिवस मोठा, ऊन कडक, त्यामुळे झाड वितभर होण्याआधीच फुलावर येतं. पानं बारीक, कडवट, आणि शेंगा नावाला.

"खत नको, ऊन नको." उन्हाशिवाय मोहरी लांबुडकी होऊन मान टाकते. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच, त्यामुळे उत्तरेकडच्या गॅलरीत तिचा नाद सोडा. खत फार लागत नाही, हे अर्धं खरं. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट एवढ्यावर काम भागतं. मोहरीला गंधक मात्र आवडतं, तिचा तो झणका गंधकाच्या संयुगांतूनच येतो. मूठभर जिप्सम (गंधक असलेलं खनिज) मातीत मिसळलं तर फरक दिसतो. कुंडी किमान आठ-दहा इंच खोल, आणि खालचं भोक बुजलेलं नाही एवढं बघा. पाणी वरची माती सुकली की. बस.

आता "कीड लागत नाही". हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने जानेवारीत मोहरीचा शेंडा कधी जवळून पाहिलेला नाही. दोन दिवस ढगाळ गेले की मावा येतो. आधी एखाददुसरा हिरवट ठिपका, आठवड्याभरात कळीचा देठ दिसेनासा होईल इतकी दाटी, आणि खालच्या पानांवर चिकट चकाकी. मागोमाग मुंग्या, त्या गोडासाठी. रोप लहान असताना काळसर अळी येते आणि पानांची चाळणी करते. बोटाने स्पर्श केला की गुंडाळून खाली पडते. पानांखाली पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा, ती पानं तोडून कचऱ्यात टाकायची, कंपोस्टमध्ये नाही.

माव्यावर मी पहिले दोन दिवस नुसता पाण्याचा जोराचा फवारा मारते, शेंडा हातात धरून. तेवढ्याने नाही गेला तर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्याला पाच मिली, त्यात थेंबभर साबण, आणि तेही ऊन उतरल्यावर. पण त्याआधी पानं नीट बघा. लाल-काळे ढालकिडे किंवा त्यांच्या करड्या, काटेरी अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. ती अळी दिसायला भयंकर असते, पण मावा तीच फस्त करते. माझ्या शेजारणीने "ही काय घाण" म्हणून सगळ्या वेचून टाकल्या होत्या. त्या हंगामात तिच्याकडे मावा होता आणि माझ्याकडे नव्हता, यात माझं कौतुक काहीच नाही.

"एका कुंडीत वर्षाची मोहरी." इथे थोडा हिशोब करू. शेतात हेक्टरी दीड टन उतारा आला तर पीक चांगलं आलं म्हणतात. म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम. बारा इंची कुंडीचं तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर. गुणाकार केला की साधारण दहा-साडेदहा ग्रॅम येतात. चहाचे तीन चमचे! एवढी मोहरी आमच्या घरी एका लोणच्यात जाते. आणि हा हिशोब शेताचा आहे, गॅलरीचा नाही. शेंगा वाळायला चार महिने कुंडी अडून राहते, ते वेगळंच.

त्यापेक्षा पाल्यासाठी लावा, तिथे कुंडी खरंच परतफेड करते. मिसळणाच्या डब्यातली मोहरीच घ्या. फार जुनी नसेल तर तीन ते पाच दिवसांत उगवते. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, सात-आठ फुटले तर चालेल. दाट पेरून आठ-दहा दिवसांत कोवळे कोंब कात्रीने कापले की काकडीच्या कोशिंबिरीत झक्क लागतात. विरळ केलेल्या रोपांची पानं महिन्याभरात भाजीला येतात. बाहेरची पानं तोडत गेलात तर तीच रोपं आणखी दोन-तीन वेळा देतात. एखाद-दोन झाडं शेंगांसाठी ठेवायची हौस असेल तर ठेवा. खालच्या शेंगा पिवळ्या झाल्या की सकाळी दव असताना कापायची. दुपारी हात लावलात तर शेंगा उकलून अर्धं बी खाली सांडतं.

विकतच्या मोहरीत दम नाही, हा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटला. दम फोडणीत शोधायचाच नसतो. मोहरीत एक संयुग असतं, सिनिग्रिन, आणि एक वितंचक (एन्झाइम), मायरोसिनेज. दोघं दाण्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दाणा फुटून पाणी मिळालं की एकत्र येतात आणि मग नाकात तो झणका बसतो. गरम तेलात वितंचक मरतं, म्हणून फोडणीची मोहरी खमंग होते, झणझणीत होत नाही. ज्यांच्या घरी अजून मोहरी फेसतात त्यांना हे सांगावं लागत नाही. मोहरीची डाळ थोड्या पाण्यात फेसताना आजी तोंड बाजूला का वळवायची, ते डोळ्यांना पाणी आलं की कळतं. गोव्यातलं आंब्याचं सासव चाखलंय? तिथेही मोहरी वाटूनच पडते. विकतची साधी मोहरी चमचाभर वाटून बघा, मग दमाविषयी बोलू.

राहिलं "हायब्रीड". आपली काळी-तपकिरी मोहरी, ब्रासिका जन्सिया, ही निसर्गातच दोन जातींच्या संकरातून झालेली आहे. एका जातीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या, दुसरीत आठ, आणि हिच्यात अठरा. नागाहारू यू या शास्त्रज्ञाने १९३५ साली हा नातेसंबंध मांडला. तेव्हा संकर या शब्दाचा राग धरायचा तर पोह्यांवरच बहिष्कार घालावा लागेल.

कानाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिळवणीचा रस कानात घालायची रीत जुनी आहे, नाकारत नाही. पण कान का दुखतोय हे बाहेरून दिसत नाही. पडद्याला भोक असेल तर रस थेट आतल्या कानाच्या दिशेने जातो. त्यात तिळवण समजून भलतंच झाड वाटलं असेल तर? नाक-कान-घसावाल्याकडे जा.

आणि "रानटी आहे, कुठेही लावा" हे परदेशातल्या नातलगांना पाठवू नका. माझ्या न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीला हाच मजकूर पोचला आणि तिने अंगणात आपोआप आलेल्या एका रोपाचा फोटो टाकला: पांढरी छोटी फुलं, चुरडलं की लसणाचा वास. ती लसूण-मोहरी, युरोपातून अमेरिकेत गेलेली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तिची नोंद १८६८ची आहे. आता तिकडच्या जंगलात ती इतकी माजलीय की लोक गट करून उपटायला जातात. बहिणीला म्हटलं, जोपासू नकोस, शेंगा धरायच्या आत मुळासकट काढ आणि पिशवीत बांधून टाक.

आत्याने परवा तिच्या गच्चीवरच्या रोपाचा फोटो पाठवला. तिने मजकूर वाचून आषाढातच बिया टाकल्या होत्या, मला न विचारता. "आली बघ तुझी मोहरी." फोटोत काही कळेना, म्हणून तिला म्हटलं, एक फूल उघड आणि आतले पुंकेसर मोज. दहा मिनिटांनी फोन आला.

"सोळा आहेत गं. आणि बोटं चिकट झालीत माझी. हळदीकुंकवाला बायका यायच्यात, हे कशाने निघतं?"

तेल लाव म्हटलं, मग साबण.