चौघांच्या टेबलावर दुपारी लॅपटॉप का नको : मालकांचं उत्तर

नमस्कार. आमच्या कॅफेला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, 'साडेचार तास शांतपणे काम करत होतो. वेटरने तीनदा आणखी काही हवंय का विचारलं आणि शेवटी टेबल बदलायला लावलं. वायफाय स्लो.' यातलं 'काम' सोडून बाकी सगळं खरं आहे.

गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघते, कोथरूडात कुठे ना कुठे लाईट जाते आणि वर्क फ्रॉम होमवाली मंडळी चार्जर घेऊन आमच्याकडे येतात. खुशाल यावं. अकरा ते साडेबारा ही एरवी आमची माश्या मारायची वेळ, त्यांच्यामुळे गल्ला जरा हलतो. बरेच जण कॉफी, मग पोहे, मग परत कॉफी घेतात, आणि फोन आला की बाहेर पायरीवर जाऊन बोलतात.

तुम्ही प्लगजवळचं चौघांचं टेबल घेतलंत. एक कॅपुचिनो. लॅपटॉप उघडा, कानात हेडफोन, आणि माऊस ठेवलेला काट्याच्या मनगटी घड्याळावर. टेबल पुसायला आलेल्या मुलाला म्हणालात, 'त्याला हात लावू नकोस.' मग मोबाईलवर मॅच बघत बसलात (आमच्याच वायफायवर). त्या पोराला काही कळेना, मला कळलं. खाली सेकंदकाटा फिरत राहिला की माऊसला वाटतं कुणीतरी हलवतंय, आणि ऑफिसच्या टीम्स अ‍ॅपवरचा 'माणूस हजर' सांगणारा हिरवा ठिपका पाच मिनिटांनी पिवळा होत नाही. साहेब माणसापेक्षा ठिपक्यावर विश्वास ठेवत असतील तर तुम्ही तरी काय करणार! ते तुमचं तुम्ही बघा. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं सोंग करणाऱ्या डझनाहून जास्त लोकांना २०२४ मध्ये घरी बसवलं, एवढं फक्त कानावर घालतो.

मला पडली आहे टेबलाची. साडेबारा ते तीन आमच्याकडे जेवणं चालतात. थालीपीठ, मसालेभात, ताक. चौघांचं टेबल तेवढ्या वेळात तीनदा फिरलं तर दुपार निघते. त्या दिवशी दारात आजी-आजोबा दोन नातवंडांना घेऊन उभे होते, आणि त्यांच्या टेबलावर घड्याळ जेवत होतं. म्हणून मुलाने 'खिडकीजवळच्या स्टुलावर बसता का?' असं विचारलं. प्लग तिथेही आहे. बाहेर जा असं कुणीही म्हटलेलं नाही.

हिशोबही सांगतो, कारण 'कॉफीचे पैसे दिलेत ना' असंही तुम्ही काउंटरवर ऐकवलंत. तुमच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यात आम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे दुकानाच्या भाड्यावर जो १८ टक्के जीएसटी आम्ही भरतो तो परत येत नाही, सरळ खिशातून जातो. सर्व्हिस चार्ज आम्ही लावत नाही. एका कॅपुचिनोत दुपार विकणं परवडत नाही, साहेब. दक्षिण कोरियात तर स्टारबक्ससारख्यांनाही २०२५ मध्ये गिऱ्हाइकांना 'डेस्कटॉप आणि प्रिंटर आणू नका' म्हणून सांगावं लागलं. कोथरूड अजून तिथवर पोचलेलं नाही.

तर साडेबारा ते तीन चौघांच्या टेबलावर लॅपटॉप नाही. पाटी काउंटरवर होतीच, आता दारावरही लावली आहे. बाकी वेळ हवं तितकं बसा. तीननंतर मागची खोली रिकामी असते, आणि तिथला पंखा बरा आहे. 'आणखी काही?' हे मात्र मुलगा विचारणारच, त्याला पगार त्यासाठीच आहे.