डागाची पहिली दहा मिनिटं

तेलाचा डाग पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे मला तोंडपाठ आहे. टिपायचं, चोळायचं नाही. पाणी लावायचं नाही. वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायचं आणि ते तेल ओढून घेईपर्यंत गप्प बसायचं. अडचण एवढीच, की ती दहा मिनिटं नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असतात.

मुंजीची पंगत घ्या. कार्यालय कर्वे रोडच्या आसपासचं, महिना मे, अंगात आपला एकुलता एक रेशमी झब्बा. पानात मसालेभाताची मूद पडते आणि मागोमाग तुपाचं भांडं घेऊन यजमानांचे मेहुणे येतात. केटररचा वाढपी कधी सांडत नाही, ते त्याचं पोटापाण्याचं काम आहे. सांडतो तो हौसेने वाढायला घेतलेला नातेवाईक. आपण पानावर हात आडवा धरून ‘पुरे, पुरे’ म्हणतो, त्याला तो आग्रहाचा भाग वाटतो, आणि धार मुदीला वळसा घालून थेट मांडीवर येते.

यानंतरचे संवाद ठरलेले. “काही नाही हो, साजूक आहे, निघून जाईल,” असं ज्याने सांडलं तोच म्हणतो. साजूकपणाचा आणि निघून जाण्याचा काय संबंध, हे विचारायची सोय नसते. आपण म्हणायचं, “छे छे, जुनाच आहे.” (नवा आहे. बिल पाकिटात आहे.) तेवढ्यात शेजारच्या काकू स्वतःच्या भांड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन आपल्या मांडीवर मायेनं चोळायला लागतात. तेल आणि पाण्याचं वैर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण डाग दिसला की आपल्या माणसांचा हात आपोआप पाण्याकडे जातो. काकूंना थांबवणं म्हणजे त्यांच्या मायेला नाही म्हणणं. पंगतीतून मधेच उठणं म्हणजे यजमानांचा अपमान. अजून जिलबी यायची असते, मठ्ठा यायचा असतो. पावडर असते बटूच्या मावशीकडे, आणि मावशी भिक्षावळीच्या तयारीत. सभ्य माणसाचा डाग पक्का होतो तो असा.

आणि हा डाग मुळात वेगळ्या रंगाचा नसतोच. तूप पारदर्शक, तरी कपड्यावर गडद नकाशा. धाग्यांच्या मधल्या फटींत हवा असते, त्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो. तिथे तेल शिरलं की तो विखुरायचा थांबतो आणि आरपार जातो. वड्याखालच्या वर्तमानपत्रातून मागच्या पानावरची निधनवार्ता वाचता येते, ती याच कृपेने.

रेशमाचं दुखणं आणखी वेगळं. रेशीम म्हणजे प्रथिन. अंड्याचे, रक्ताचे डाग खाणारी एन्झाइमं घातलेली जी पावडर जाहिरातीत पराक्रम गाजवते, ती डागाबरोबर रेशीमही खायला कमी करत नाही. म्हणून घरातली म्हातारी माणसं रेशमाला रिठ्याचं पाणी वापरायची. फेस होतो आणि धाग्याला धक्का लागत नाही. आमच्या पेठेतल्या लाँड्रीत मात्र रिठा नाही, पाटी आहे: ‘डाग काढण्याचा प्रयत्न केला जाईल. डाग कसा पडला याची हकिकत सांगू नये.’

मी झब्बा काउंटरवर ठेवला. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, “कसला?”

“तुपाचा. म्हणजे काय झालं, मुंजीत त्यांचे मेहुणे…”

मालकांनी बोट पाटीकडे केलं.

सुती कपड्याचं त्या मानाने बरं असतं, असं मी मिसळ होईपर्यंत मानत होतो. पांढरा शर्ट घालून मिसळ खायला जाऊ नये हे खरं, पण रविवारी सकाळी मित्र खाली उभा राहून हॉर्न वाजवत असतो, तेव्हा कपाटापुढे उभं राहून चिंतन करता येत नाही. तर्रीचा थेंब नुसता तेलाचा नसतो, त्यात मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा रंग विरघळलेला असतो. घरी येऊन त्यावर साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. बायको आतून आली, शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, “कुणाशी भांडलास?”

भांडण नव्हतं. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करायचे ते याच गुणावर. म्हणजे माझ्या शर्टावर रीतसर हळदीकुंकू पार पडलं होतं. भरपूर पाण्यात खळबळल्यावर लाल पुन्हा पिवळं होतं आणि उरलेलं पिवळं कडक उन्हात उडून जातं, कारण हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. उपाय बिनखर्चाचा, फक्त पुण्यात श्रावण चालू होता. ढगातून मिनिटभर ऊन डोकावलं की मी शर्ट घेऊन गॅलरीत धावायचो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी खालून ओरडायचे, “दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत!” मी म्हटलं, “वाळत नाही घालत, उजळतोय.” त्यावर त्यांनी नियमावलीत नवं कलम घातलं.

आमच्या वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी जिन्यात गाठून साबणाचं कार्य समजावलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणजे लग्नं जुळवणाऱ्या काकूच की, दोन्ही घरांत सारखी ऊठबस! अशा असंख्य काकू तेलाच्या थेंबाला चहूबाजूंनी घेरतात आणि त्याला पाण्याबरोबर वाटेला लावतात. सरांचा मुख्य मुद्दा असा, की भांडी घासायचा लिक्विड साबण कोरड्या कपड्यावरच चोळायचा. आधी कपडा भिजवला की साबण पातळ होतो आणि जोर जातो. खाली पुठ्ठा ठेवायचा, नाहीतर पोटावरचा डाग पाठीवर उमटतो. पंधरा मिनिटांनी कापडाला सोसेल तेवढं गरम पाणी. हे सगळं सांगायला सरांना तास लागला. माझ्या हातात वडापावची पुडी होती आणि तिने तेवढ्यात नव्या शर्टाशी ओळख करून घेतली.

तो नवा शर्ट ‘इस्त्री नको’ जातीचा, म्हणजे पॉलिस्टर. पॉलिस्टर खनिज तेलापासूनच होतं, त्यामुळे तेल आलं की ते माहेरचं माणूस आल्यासारखं धरून ठेवतं.

सगळ्यात चिवट डाग मात्र तो, जो आपण विसरतो. धुतलेल्या कपड्यावरचा फिकट डाग ओल्यात दिसत नाही. इस्त्रीवाला त्यावर निखाऱ्यांची इस्त्री फिरवतो, कपडा कपाटात जातो आणि दसऱ्याला बाहेर निघतो तो खिशावर पिवळं बेट घेऊन. आमच्याकडे हृदयाला चांगलं म्हणून करडईचं तेल येतं. तैलचित्रांच्या रंगांतही करडईचं तेल वापरतात, कारण हवा लागून ते हळूहळू सुकतं आणि घट्ट धरतं; उष्णतेने तर आणखी लवकर. चित्राला जे टिकाऊपण हवं ते माझ्या खिशाला मिळालं. हृदयाचं अजून कळायचंय.

सायकलच्या चेनच्या काळ्या डागाबद्दल मी लिहिणार नाही. त्यात तेलाबरोबर धातूचा चुरा आणि रस्त्याची धूळ असते, आणि ‘थोडं पेट्रोल लाव’ असं सांगणाऱ्या माणसाच्या घरात गॅस पेटलेला असतो.

शेवटी बायकोने तोडगा काढला: डाग जात नसेल तर कपडा डागाच्या रंगाचा घ्यायचा. आम्ही लक्ष्मी रोडवर गेलो. वेळ दुपारी एकला दहा कमी, म्हणजे दुकानदार शटरकडे बघत होता.

“शर्ट दाखवा.”

“रंग?”

“तर्री,” मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मागच्या रॅककडे न वळताच तो म्हणाला, “तर्री संपली. रस्सा आहे. घ्यायचा असेल तरच घडी मोडतो.”