नाकी नऊ, रेघा दोन

क्रूझला निघताना कोविडचं किट बरोबर असावं, इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत असतं. भांडण सुरू होतं ते 'किती' आणि 'कुठे' या दोन शब्दांवर. एकच टेस्ट नेणारा एक मोठा पंथ आहे. ही मंडळी ती तपासणीसाठी नेतच नाहीत, ताईत म्हणून नेतात. जवळ असली की काही होत नाही, असा त्यांचा समज.

आता कुणी बोर्डिंगच्या वेळी सहसा रिपोर्ट मागत नाही, हीच खरी अडचण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या धक्क्याला 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. त्यानंतर बराच काळ टेस्टशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नव्हतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, जहाजांसाठीचा आपला कोविड कार्यक्रम जुलै २०२२ मध्ये गुंडाळला, कंपन्यांनीही हळूहळू नियम सैल केले. म्हणजे आता तपासनीसही आपणच आणि आरोपीही आपणच. असा खटला कसा चालतो, हे सांगायला नको.

आधी आकडा ठरवू. एक टेस्ट कामाची ठरते ती फक्त पॉझिटिव्ह आली तर. निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ 'आज सापडलं नाही' एवढाच. घरगुती अँटिजेन टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते आणि लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस ते नाकात पट्टीला दिसण्याइतकं साठलेलंच नसतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं: लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने किमान दोन टेस्ट, नसतील तर तीन. चौघांच्या कुटुंबाला माणशी तीन धरल्या तर बारा होतात आणि बॅगेत कपड्यांना जागा उरत नाही. चौघंही एकाच दिवशी शिंकायला लागण्याची शक्यता कमी. सात रात्रींच्या सफरीला माणशी दोन आणि वर दोन जादा, हा माझा हिशोब.

किटचं खोकं बहुतांशी हवेचं असतं, म्हणून ते फेकून आतला ऐवज पिशवीत भरायचा मोह होतो. भरा, पण डोळे उघडे ठेवून. एक्सपायरीची तारीख आणि लॉट नंबर खोक्यावर असतात तसे आतल्या पाकिटावरही आहेत ना, ते पाहून घ्या. अमेरिकेत मिळणाऱ्या काही किटांची मुदत नंतर वाढवली गेली आहे आणि ती एफडीएच्या यादीत लॉट नंबरवरूनच शोधावी लागते. नंबरासकट खोकं कचऱ्यात गेलं असेल तर बसा कपाळाला हात लावून. दोन कंपन्यांची किटं असतील तर दोन वेगळ्या पिशव्या करा आणि प्रत्येकीत तिचीच माहितीपत्रिका ठेवा. कुणाला तीन थेंब लागतात, कुणाला चार. कुणी दहा मिनिटांनी वाचायचं, कुणी पंधरा. एकाची नळी आणि दुसऱ्याची पट्टी हा संसार टिकत नाही. पट्टीचं चंदेरी पाकीट मात्र 'नुसतं बघू' म्हणून फोडू नका. पट्टी दमट हवेत खराब होते, म्हणून तर आत सिलिका जेलची पुडी असते. पाकीट फोडलं की ठरलेल्या वेळेत, बऱ्याच किटांत तासाभराच्या आत, टेस्ट उरकायची.

नळीतलं द्रव सांडलं तर साधं पाणी किंवा हाताशी असलेलं पेय चालेल असं वाटणारे महाभागही आहेत. चालत नाही. त्या द्रवाचं काम पट्टीवरच्या प्रतिपिंडांना हवी तेवढी आम्लता राखण्याचं. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी शाळा बुडवण्यासाठी पट्टीवर संत्र्याचा रस टाकून ठळक दुसरी रेघ काढली होती. पोरांना रसायनशास्त्र येत नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता 'कुठे'. मोठ्या सुटकेसमध्ये मुळीच नाही. ती बंदरावर हमालांच्या ताब्यात जाते, उन्हात थांबते आणि केबिनच्या दारात कधीकधी संध्याकाळी उगवते. बहुतेक किटांना २ ते ३० अंश सेल्सिअस एवढंच तापमान मानवतं. किट खांद्यावरच्या बॅगेतच हवं. विमानातही अडचण नाही. एका नळीत एक मिलिलिटरसुद्धा द्रव नसतं, शंभर मिलिलिटरच्या नियमात ते आरामात बसतं. केबिनमध्ये पोचल्यावर बाथरूमच्या फळीवर ठेवू नका, तिथे आंघोळीची वाफ. बाल्कनीच्या काचेशी ऊन. छोट्या फ्रिजच्या मागच्या गार पत्र्याला चिकटवलं तर गोठण्याची भीती. कपाटातला खण बरा.

मग तो दिवस येतो. घसा खवखवतो. जहाजावर खवखवणाऱ्या प्रत्येक घशाचं कारण एसी असतं. डोकं दुखलं तर समुद्र लागलेला असतो. अंग मोडलं तर काल जिने फार चढलेले असतात. हा खुलासा ऐकू आला की किट काढायचं.

जागा सपाट हवी. पलंगावर टेस्ट करू नका. गादी दबते, पट्टी कलते आणि द्रव एका कडेने धावतं. केबिनमधलं एकुलतं टेबल चार्जर आणि सनस्क्रीनच्या बाटल्यांनी व्यापलेलं असतं, ते आधी मोकळं करा. नाक शिंकरून घ्या. काडी पाऊण इंचाच्या आसपास आत आणि भिंतीला घासून किमान पाच फेरे, प्रत्येक नाकपुडीत साधारण पंधरा सेकंद. बरेच जण नाकाच्या दारावर टिचकी मारल्यासारखं करून परत येतात आणि वर 'निगेटिव्ह' म्हणून आनंद करतात. काडी नळीत घुसळायची, नळीच्या बाजू दाबून ती पिळून काढायची, आणि पत्रिकेत सांगितलेत तितकेच थेंब टाकायचे. दोन जास्त टाकले म्हणजे निकाल जास्त खरा येत नाही, पट्टीवर पूर येतो.

वेळ लावा ती टायमरवर, घड्याळावर नाही. जहाजाची वेळ मध्येच तासाने पुढेमागे होते आणि फोन कधी ती ऐकतो, कधी जवळच्या बंदराची. थेंब टाकले आठला आणि वाचायला बसलो सातवाजून पंधराला, असा चमत्कार समुद्रावर सहज घडतो.

पंधरा मिनिटांनी खरा तमाशा. पट्टी नीट चालली हे सांगणाऱ्या 'सी' जवळची रेघ ठळक, विषाणू सापडला हे सांगणाऱ्या 'टी' जवळ काहीतरी आहे-नाही. केबिनचा पिवळट दिवा, आणि चष्मा वरच्या डेकवर विसरलेला. एक म्हणतो सावली आहे, दुसरा म्हणतो छपाईचा डाग, तिसरा फोनवर फोटो काढून रंग वाढवून बघतो. वाद नको: ठरलेल्या वेळेत दिसलेली पुसट रेघ ही रेघच. सी ची रेघच आली नाही तर टेस्ट बाद, दुसरी काढा. जादा दोन आणल्यात त्या यासाठीच. उलट, रात्रीची निगेटिव्ह पट्टी सकाळी कचऱ्यातून काढून 'अरे, आता दिसतेय!' म्हणून घाबरू नका. मुदत उलटल्यावर द्रव वाळताना उमटलेल्या रेघेला किंमत नाही.

दोन रेघा आल्या तर वैद्यकीय कक्षात चालत जाऊ नका, केबिनमधून फोन करा. तिथले डॉक्टर बहुधा स्वतःची टेस्ट पुन्हा करतील. तुमच्या टेबलावरच्या पट्टीला तेवढाच मान. पण तिथेही 'एसीमुळे असेल' म्हणून दोन दिवस काढू नका. कोविडवरच्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात.

सफरीच्या शेवटच्या रात्री सुटकेस दाराबाहेर ठेवायला सांगतात. तीत उरलेलं किट घालू नका. शेवटच्या रात्रीच्या पार्टीत गाठलेला विषाणू दोन-तीन दिवसांनी, घरी कपडे धुवायला काढताना तोंड दाखवतो, आणि तेव्हा घरातला पहिला संशयित बदललेलं पाणी असतं.