लगेज डब्यातला नाताळ

गेल्या रविवारी दुपारी मालाड ते माहीम एवढ्याशा प्रवासात मी फेरीवाला झालो. परवाना नव्हता, भांडवल नव्हतं, इच्छा तर मुळीच नव्हती. आणि वाईट म्हणजे धंदाही झाला नाही.

मालाडच्या गावठाणातलं आजीचं घर आता पाडणार आहेत. जागेच्या वाटण्यांवरून आमच्यात वर्षानुवर्षं बोलाचाली बंद होती, पण नाताळच्या सजावटीची पत्र्याची पेटी कोणी न्यायची हे पाच मिनिटांत ठरलं. "तुलाच त्याची हौस," सगळे एका सुरात म्हणाले. इतकं एकमत आमच्याकडे मयतालाही झालेलं नाही. फ्लॅट त्यांना, पेटी मला.

पेटीत काचेचे गोळे आहेत. तोंडाने फुंकून केलेले, आत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फिरवून चांदीचा मुलामा दिलेले. पत्र्याच्या टोप्यांवर 'वेस्ट जर्मनी' असं उठवलेलं आहे. त्या नावाचा देश १९९० साली नकाशावरून गेला, गोळे मात्र आमच्या घरी राहिले. आजोबा गोदीत कामाला होते. गोळे त्यांनी एका खलाशाकडून विकत घेतले, असं आजी सांगायची. आत्या म्हणते, विकत कसले, पत्त्यांत जिंकले.

शिवाय चंदेरी झालर. आजी सुरूची फांदी रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभी करायची, डब्याला क्रेप कागद गुंडाळायची आणि वरून ही झालर एकेक पट्टी सुटी करून सोडायची. सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की पट्ट्या हाताने सरळ करून पुन्हा पुठ्ठ्यावर. जुन्या झालरीत शिसं असायचं म्हणे. अमेरिकेत तसली झालर १९७२ पासून बनायची बंद झाली. आमच्याकडे ती त्यानंतरही कित्येक वर्षं आम्ही पोरं दातांनी तोडत होतो. आमच्या पिढीच्या बुद्धीबद्दल घरात जे बोललं जातं, त्याचं एक कारण हेही असेल.

असो. रिक्षा वांद्र्यापलीकडे येत नाही. टॅक्सीचं भाडं ॲपवर पाहिलं आणि ॲप बंद केलं. राहिला स्लो लोकलचा लगेज डबा.

डब्यात दाराशी एक काका उभे होते. हातात घडीची छत्री. डिसेंबरात.

"हा लगेजचा डबा आहे," ते म्हणाले. "लगेज कुठंय?"

मी पेटी दाखवली.

"ही हँडबॅगेत मोडते."

"आणि तुमचं लगेज, काका?"

"आमचा पास आहे."

यावर काय बोलणार? गोरेगावला गाडीने हिसका दिला, पेटीत काहीतरी किणकिणलं आणि मी काळजीने झाकण उघडलं. काकांनी विचारायच्या आत एक गोळा उचलला, नखाने टकटक केली आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "खरी काच आहे!"

रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसलेल्या मावशींनी मान वळवली. "कसे दिले?"

"मावशी, विकायचे नाहीत."

"सुरुवातीला असंच म्हणतात," काका त्यांना म्हणाले.

"दहाला दोन द्या."

"जर्मन माल आहे. पंधराला दोन."

"अहो काका, हे माझ्या आजीचे आहेत!"

"ऐकलंत? आजीच्या वेळचा माल!"

"जुना आहे तर कमी करा की," मावशी म्हणाल्या.

एसीचा बाहेरचा युनिट मांडीशी धरून बसलेला पोरगा पुढे वाकला. "लाइट लागतो का यात?"

"नाही."

"मग करायचं काय त्याचं?"

काका माझ्या कानाशी आले. "इथे तुमचा माल मार खातो. पुढच्या वेळी आत एलईडी टाका."

मावशींनी एक गोळा उजेडात धरून फिरवला. "हा तर काळा पडलाय." मी सांगू लागलो, की मुंबईच्या दमट हवेत आतली चांदी काळवंडते, ते जुनेपण आहे, जाणकार लोक त्यालाच...

"डिफेक्ट पीस," काकांनी निकाल दिला. "दहाला तीन करून टाका."

खरं सांगतो, विक्रेता समजल्याचा मला इतका राग आला नाही. दहाला तीनचा आला. आणि त्याहून, दहाला तीननेही कोणी घेतले नाहीत, याचा.

अंधेरीला खरा फेरीवाला चढला. त्याच्या हातात कानातल्यांचं पुठ्ठं होतं. त्याने माझी उघडी पेटी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "भाऊ, या डब्यात मी असतो."

"ते वांद्र्याला उतरतील," काकांनी परस्पर तडजोड केली.

"माहीमला," मी म्हणालो. म्हणजे बाकी सगळं कबूलच केलं.

त्याला माझी दया आली असावी. "लोकलमध्ये काच घेऊन कोण धंदा करतं? क्रॉफर्ड मार्केटातनं प्लास्टिकचे उचला." खारला उतरताना काकांनी माझ्या खांद्यावर छत्री टेकवली. "तुम्हाला बोलता येत नाही. मालाला नावं ठेवत नाही मी."

माहीमला घरी पोचलो. बायकोने पेटीकडे पाहिलं, मग दिवाणाकडे, मग माझ्याकडे. दिवाणाखाली आधीच तिच्या आईचं शिवणयंत्र आहे. आता वर्षातले अकरा महिने या गोळ्यांना ओल लागू नये, जुन्या पेपरांना कसर लागू नये, हे सगळं मी बघायचं. आणि ज्यांच्या नव्या इमारतीत पार्किंगसुद्धा दोन-दोन मिळणार आहे, त्यांनी फॅमिली ग्रुपवर लाल हृदयं टाकायची. 'किती आठवणी!' 'टाकू नकोस हं, प्लीज!' अरे, टाकू नकोस तर ने ना! नेण्याचं नाव काढलं की सगळ्यांचं घर अचानक लहान होतं. त्यांच्या आठवणींना भाडं पडत नाही, कारण त्या माझ्या दिवाणाखाली राहतात.

टोरोंटोच्या चुलतबहिणीने फर्माईश केली, "फोटो पाठव ना. पण पिवळ्या उजेडात, जुन्यासारखे दिसतील असे." मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, मागे गॅसचा सिलिंडर येईल असे काढून पाठवले. तिचं उत्तर रात्री आलं. गोळे राहू देत, पण ती पत्र्याची पेटी रिकामी होणार असेल तर तिला हवी आहे, सेंटर टेबल करायला. पाठवायचं मी बघावं.